नवा शर्ट दहा वर्षं वापरलेला कसा दिसेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाटकातलं पात्र गोदामात ओझी वाहणारा, पन्नाशीचा माणूस. त्याचे कपडे तीन: नवा कोरा निळा सुती शर्ट, मिश्र कापडाची खाकी पँट आणि कोणाकडून तरी उसना आणलेला लोकरी कोट, जो प्रयोगानंतर परत द्यायचा आहे. शर्ट दोनदा चहाच्या पाण्यात बुडवून झाला, त्यावर माती चोळून झाली, तरी तो 'जुना' काही दिसत नाही. हातात दहा दिवस आहेत.

आधी माती चोळणं थांबवा. तुमचा शर्ट मळलाय, जुना झालेला नाही. कालच घेतलेला शर्ट घालून चिखलात पडलेला माणूस आणि एकच शर्ट वर्षानुवर्षं धुऊन वापरणारा माणूस, हे दोघं शेजारी उभे केले तर दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकालाही फरक दिसतो. तो का दिसला ते त्याला सांगता येणार नाही, एवढंच. दुसऱ्या माणसाचा शर्ट कदाचित अगदी स्वच्छही असेल. कष्टकरी दाखवायचा म्हणजे त्याला मळवायचा, ही सवय आपल्या कामात फार मुरलेली आहे आणि मला तिचा मनस्वी राग आहे. ओझी वाहणारा माणूससुद्धा रोज कपडे धुतो, आणि धुण्यानेच ते जुने होतात.

कापड ज्या क्रमाने जुनं होतं, त्याच क्रमाने आपण काम करायचं. पहिल्यांदा खळ जाते. मग कापड अंगाचा आकार घेतं. रंग विटतो. कडा झिजतात, काहीतरी उसवतं, कोणीतरी ते शिवतं. आणि आजचा मळ सगळ्यात शेवटी, या सगळ्याच्या वर बसतो. तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीत, म्हणून ती माती कडक, सपाट, नव्या कापडावर मेकअपसारखी बसली आहे.

तर आज रात्री शर्ट आणि पँट फक्त धुवायला टाका. कडक गरम पाणी, साबण आणि बादलीला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. दोन-तीन तास भिजवा, धुवा, पिळा, वाळवा आणि हेच पुन्हा करा. एकूण चार-पाच धुण्यांत खळ आणि कापड कारखान्यातून आणतं ती चकाकी निघून जाते. कापड हातात घेतल्यावर 'पडायला' लागतं. मशीन असेल तर सोबत दोन जुने कॅनव्हासचे बूट टाका, आपटून आपटून शिवणी नरम होतात. इस्त्री अजिबात करू नका. चहाचा रंग थोडा राहील, राहू दे. लोकरी कोट यातल्या कशातही घालायचा नाही. गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते, आणि मग तो कोट तुम्हालाच विकत घ्यावा लागेल.

शर्ट वाळेपर्यंत कापडाची परीक्षा करा. आतल्या शिवणीतून चार दोरे काढा, चिमट्यात धरा, सिंकवर काडी लावा. कागदासारखा वास आणि बोटाने फू होणारी करडी राख आली तर सुती. केस जळल्याचा वास आणि चुरडली जाणारी काळी गोळी असेल तर लोकर किंवा रेशीम. आक्रसून, वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. मिश्र कापडात दोन्ही दिसतं: जळतंही आणि मणीही उरतो. लेबलवर सगळं लिहिलेलं असताना हे कशाला, असं वाटेल. पण कापड एक, शिवणीचा दोरा दुसरा आणि अस्तर तिसरं, असं सर्रास असतं. कापड काय आहे यावर पुढचा सगळा रसायनांचा खेळ ठरतो.

हे मी एक जाकीट गमावून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक काळं जाकीट हाती आलं, हाताला सुती-मिश्र वाटलं, म्हणून दाट ब्लीचच्या पाण्यात रात्रभर ठेवून निवांत झोपलो. सकाळी बादलीत अस्तर, बटणं आणि शिवणीचे दोरे तेवढे होते. बाकी तळाला पिवळसर चिखल. जाकीट लोकरी होतं. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि लोकर-रेशीम ही केसांसारखीच प्रथिनं. ती त्यात अक्षरशः विरघळतात. तेव्हापासून काडी लावल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही.

आता आकार. या पायरीला कोणी वेळ देत नाही, आणि खरं तर कपड्याचं अर्धं वय तिच्यातच असतं. नव्या शर्टाचा कोपर सपाट असतो, खिसा अंगाला चिकटलेला असतो, कॉलर दोन्ही बाजूंना सारखी असते. जुन्या कपड्यात मालक नसतानाही मालक दिसतो. दोरीवर टांगलेली जुनी पँट आठवा. गुडघ्याला पोक आलेला असतो, मागच्या खिशात पाकिटाचा चौकोन उमटलेला असतो.

पँट ओली करा, दोन्ही गुडघ्यांच्या जागी आतून कापडाचे घट्ट गोळे भरा, मागून सुतळीने आवळा आणि तशीच वाळू द्या. खिशात ओले असतानाच दगड भरून टांगा, सकाळपर्यंत खिशाचं तोंड लोंबायला लागेल. सगळ्या खिशांत सारखे दगड भरू नका. माणूस एकच खिसा वापरतो. तुमचा नट उजवा आहे की डावखुरा? पात्र विडी-काडी ठेवतं की किल्ल्यांचा जुडगा? ओझं कोणत्या खांद्यावर घेतं? हे प्रश्न दिग्दर्शकाला नाही, नटाला विचारा. त्याने विचार केला नसेल तर तुमच्या प्रश्नाने करेल, आणि तेवढ्याने त्याची चालही बदलेल. हे मी अनेकदा पाहिलंय.

बाहीसाठी प्लास्टिकचा पाइप किंवा गुंडाळलेलं मासिक घ्या, ओली बाही त्यावर चढवा, कोपराजवळ वर सरकवून चुण्या पाडा आणि दोऱ्याने बांधा. सुती कापडात या चुण्या पुढच्या धुण्याला जातील, म्हणून त्या 'लिहून' ठेवायच्या. बांधलेल्या अवस्थेतच चुणीच्या उंचवट्यावर हलका पॉलिश पेपर फिरवायचा आणि खोबणीत नंतर पातळ रंगाची सावली भरायची. मग शर्ट इस्त्री केला तरी कोपर जुनाच दिसतो.

आणि यातलं काहीही करण्याआधी, शक्य असेल तर कपडे धुऊन झाले की लगेच तालमीला द्या. नटाला ते घालून बसू दे, घाम येऊ दे, बाह्या दुमडू दे. तो बाह्या जिथे दुमडतो ती घडी तुम्ही कितीही हुशार असलात तरी अंदाजाने बरोबर जागी पाडू शकणार नाही. तीन दिवस रोज तालमीनंतर शर्ट परत घ्या आणि त्यानेच दाखवलेल्या जागांवर काम करा.

रंग विटवण्याकडे वळू. इथे तुमचा निळा कोणत्या जातीचा आहे, हे महत्त्वाचं आहे. जीन्सच्या कापडात नीळ दोऱ्याच्या बाहेरच्या थरातच बसलेली असते, गाभा पांढरा राहतो. म्हणून जीन्स घासली की लगेच पांढरी पडते. साध्या सुती शर्टात रंग बहुधा दोऱ्याच्या आतपर्यंत गेलेला असतो. तो कितीही घासा, लव येईल, फाटेल, पण पांढरा पडणार नाही. तिथे ब्लीच लागतं.

एक भाग ब्लीच आणि दहा भाग थंड पाणी, यापासून सुरुवात करा. गरम पाणी नको. शर्टाच्याच आतल्या शिवणीच्या पट्टीवर आधी थेंब टाकून बघा. काही रंग सरळ फिके होतात. काही वेगळ्याच रंगावर जातात. काळा पुष्कळदा विटकरी होतो. आणि कामाच्या कपड्यांचे काही पक्के रंग हलतच नाहीत. हललाच नाही तर ब्लीच वाढवत बसू नका, रंग राहील आणि कापड मरेल. अशा वेळी विटलेपणा पातळ, दुधट करड्या रंगाने वरून द्यायचा.

रंग हलत असेल तर शर्ट आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून पिळून घ्या. कोरड्या कापडावर ब्लीचचे टिपके उठतात, ओल्यावर ते पसरतं. पाचेक मिनिटं अख्खा शर्ट पातळ द्रावणात हलवत ठेवा, बाहेर काढा, धुवा. मग पुतळ्यावर चढवून स्पंजने फक्त ऊन पडतं त्या जागा आणखी फिक्या करा: खांद्याचा वरचा भाग, पाठीचा वरचा तिसरा हिस्सा, बाहीचा बाहेरचा अंग, कॉलरची घडी. कॉलरच्या खाली, काखेत, खिशाच्या झडपेखाली मूळ निळा राहू द्या. हा उरलेला मूळ रंगच वय सांगतो. बटण तुटलेलं दाखवायचं असेल तर ते ब्लीचच्या कामानंतर कापा, म्हणजे त्याखालचा गोल टिकला गडद राहतो. पँटची टीप उसवून लांबी सोडली असेल तर जुन्या घडीची रेघ फिकी आणि तिच्याखालची पट्टी गडद असली पाहिजे. एवढ्या एका रेघेत 'ही पँट आधी दुसऱ्या कोणाची तरी होती' हे कळतं.

हव्या त्या छटेच्या थोडं आधीच थांबा, कारण धुऊन काढलं तरी ब्लीच कापडात काम करत राहतं. आणि ओलं कापड गडद दिसतं. वाळल्यावर ते दोन छटा फिकं असणार हे धरूनच चाला. थांबवण्यासाठी बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे सोडियम थायोसल्फेट घालून दहा मिनिटं बुडवा. जुन्या फोटोवाल्यांचं 'हायपो' ते हेच. ब्लीच मारायला व्हिनेगर घाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ते ऐकू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो; अमोनिया असलेलं काही पडलं तर तितकाच वाईट दुसरा वायू. दोन्ही बंद खोलीत माणसाला आडवं करू शकतात. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, उघडी खिडकी, आणि ब्लीच फवाऱ्यातून न मारता स्पंजनेच. प्राण्यांच्या केसांचा ब्रश वापरलात तर तोही त्या जाकिटाच्या वाटेने जाईल.

याच टप्प्यावर एक गोष्ट हमखास फसवते: शिवणीचा दोरा. तयार शर्टांत तो बहुतेक पॉलिएस्टरचा असतो. तो ना विटतो ना चहा घेतो. अख्खा शर्ट छान धुरकट झालेला आणि कॉलरभोवती, बटणपट्टीवर, खिशावर निळीशार नवी टीप चमकतेय, असं होतं. मी एका प्रयोगाला हे रंगीत तालमीत पाहिलं, तेही विंगेतून, म्हणजे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उपाय दोन. शर्ट शिवून घेणार असाल तर सुती दोऱ्याने शिवायला सांगा. तयार असेल तर बारीक ब्रशने टीप-टीप करड्या-तपकिरी रंगाने मारा. कंटाळवाणं काम आहे, शर्टाला दोन तास जातात. करा.

आता झीज. हत्यारं साधीच: 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर (नंबर लहान तितका खरखरीत), तारेचा ब्रश, लाकडाची कानस, किसणी, पाय घासायची वज्री. हातात धरून घासू नका. आत कडक लाकडाचा ठोकळा ठेवा आणि कडेवर घासा. कापड झिजतं ते दोन कडक वस्तूंच्या मध्ये: हाड आणि टेबल, बोटं आणि खिशाची कड.

कॉलर घ्या. ती झिजते मानेमागे, घडीच्या माथ्यावर, दाढीच्या खुंटांनी पुढे दोन्ही बाजूंना. टोकं झिजतात ती वेगळी. शर्टाची कॉलर ठोकळ्यावर उलटी ताणून बसवा, म्हणजे घडी वर येईल. आधी 220 ने आडवे हात मारा, लव उठेल. मग 120 घ्या आणि फक्त मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात, घडीच्या नेमक्या रेघेवर घासा. पाच-सात मिनिटांत आडवे दोरे तुटायला लागतील आणि उभे दोरे मोकळे दिसतील, विरलेल्या कापडात दिसतात तसे. इथे थांबा. बोट फिरवून बघा, कॉलरच्या आतलं कडक कापड, म्हणजे कॅनव्हास, जाणवलं पाहिजे, पण भोक पडता कामा नये. मग कॉलर सरळ करा आणि धुवा. धुण्यात तुटकी टोकं वळतात, लव बसते, आणि तासाभरापूर्वी 'घासलेली' दिसणारी जागा 'झिजलेली' दिसायला लागते. घासल्यानंतरचं हे एक धुणं कधी चुकवू नका. ताज्या घासणीच्या रेषा एका दिशेच्या असतात आणि उजेडात चुगली करतात.

हाच हात कफच्या कडेला, खिशाच्या तोंडाला, काजांच्या भोवती, ओझ्याच्या खांद्याला आणि पोटाच्या त्या पट्ट्याला जिथे माणूस पोती टेकवतो. पँटीला गुडघे, बैठक आणि टाचेची मागची कड. ती टाचेखाली येऊन चिंधी होते, पुढची मात्र शाबूत राहते. डावी-उजवी बाजू सारखी केलीत तर सगळं केलेलं दिसेल. एका कोपराला जेवढा वेळ दिलात त्याच्या अर्धा दुसऱ्याला द्या.

तुमची पँट मिश्र कापडाची असल्याने घासल्यावर तिच्यावर बारीक गोळ्या येतील. सुती भाग झडतो, पॉलिएस्टर तुटत नाही, गुंडाळी होऊन बसतं. काढू नका, स्वस्त मिश्र कापड असंच जुनं होतं. ब्लीच मात्र तिच्यावर वाया घालवू नका, ते फक्त सुती भागाला लागेल आणि चेन गंजेल. तिची बैठक चकाकवा: ओला फडका ठेवून कडक इस्त्री दाबा, मग मेणाचा खडा हलकेच फिरवून परत दाबा. बसून बसून गुळगुळीत झालेली पँट अशीच चकाकते.

सगळं घासून काढताना नाकावर चांगला मास्क हवा. कापडाची आणि रंगाची धूळ असते ती. वाळूचा फवारा मारून जीन्स पांढरी करण्याची एक पद्धत कपड्यांच्या कारखान्यांत होती. वाळूच्या धुळीने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊन माणसं गेली, आणि तुर्कस्तानने 2009 साली तिच्यावर बंदी घातली. एका शर्टासाठी कोणी वाळूची मशीन सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा.

फाडायचं असेल तर कात्री वापरू नका. कात्रीचा काप सरळ असतो, तो दुरूनही कापलेलाच दिसतो. जागा आधी घासून पातळ करा, मग बोटाने ताण द्या, ती स्वतःच्या मर्जीने फाटेल. पण फाटण्यापेक्षा मला दुरुस्ती जास्त बोलकी वाटते. हा माणूस शर्ट फाटला म्हणून टाकून देणारा नाही. खिशाचा कोपरा उसवून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने शिवा. एक बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं लावा. कोपराला ठिगळ द्या. ते शर्टापेक्षा कमी वापरलेलं असलं पाहिजे, कारण ते नंतर लागलं. म्हणून ठिगळ वेगळं विटवा आणि सगळं झाल्यावर शिवा. टाके कसे पडतील, हे पात्राच्या घरात कोण शिवतं त्यावर अवलंबून आहे. बायकोने सराईतपणे रफू केलं असेल तर बारीक. हा स्वतः शिवत असेल तर मोठे, ओढलेले, आणि गाठ बाहेर. माझ्या मते या शर्टाला स्वतःचेच टाके हवेत, पण ते तुमचं नाटक.

मळ इथे येतो. चहाबद्दल लोकांना फार प्रेम आहे. चहातलं टॅनिन सुती कापडाला चांगलं धरतं आणि पांढऱ्या कापडाची रंगमंचावरच्या दिव्यांत येणारी भगभग मारायला ते उत्तम आहे. पण अख्खा कपडा एकसारखा बुडवला की तो चहाच्या रंगाने 'रंगवलेला' होतो, आणि पाच कपडे बुडवले की पाचही एकाच वयाचे, एकाच माणसाचे दिसतात. चहा हा पाया धरा, त्यापुढे नाही. चहावर चिमूटभर हिराकसाचं (म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) पाणी मारलं तर तपकिरीचा करडा होतो, जो कष्टाच्या कपड्याला जास्त शोभतो. हिराकस कापड हळूहळू कुजवतो, म्हणून शंभर प्रयोग चालणाऱ्या नाटकाला नको. पॉलिएस्टरला यातलं काहीच लागत नाही.

टिकाऊ मळ रंगाचाच. कापडाचा किंवा ॲक्रिलिक रंग दहा-बारा पट पाण्यात, इतका पातळ की लावल्यावर 'काही झालंच नाही' असं वाटावं. रॉ अंबर आणि बर्न्ट अंबर हे मातकट तपकिरी, थोडा यलो ओकर म्हणजे मातकट पिवळा, थोडा करडा. शुद्ध काळा बाटलीतच राहू द्या. तो दिव्याखाली भोकासारखा दिसतो. कापड आधी ओलं करा, स्पंजने लावा, फडक्याने पुसा, वाळू द्या, परत लावा. एका जाड थरापेक्षा पाच पातळ थर. कॉलरची आतली बाजू, कफची आतली कड, खिशाचं तोंड, बटणपट्टीवर बोटं जातात त्या जागा. या तेलकट मळाच्या जागा आहेत, त्या पिवळट-तपकिरी असतात. टाच आणि गुडघा धुळीचे, ते करडे आणि मातकट. धूळ खालून वर चढते, म्हणून पँटीवर फवारा किंवा शिंतोडे मारायचे तर ब्रश जमिनीजवळ धरून वरच्या दिशेने. ऊन वरून येतं, त्याचा फिका रंग वरून. नुसती दिशा चुकली तरी डोळा अडतो. शेवटी उलटीकडून इस्त्री करून रंग पक्का करा आणि एकदा धुवा.

घामाचं थोडं वेगळं. ताजा घाम दाखवायचा तर प्रवेशाआधी पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून फवारा, नुसतं पाणी दिव्यांखाली लवकर सुकतं. जुना घाम म्हणजे डागाची कड. मधला भाग जवळपास कापडाच्याच रंगाचा असतो आणि बाहेरून लाटेसारखी रेघ. इथे उलटं करा: कापड कोरडं ठेवा, मध्ये पातळ पिवळट पाणी सोडा, ते स्वतःच पसरून कडेला रेघ करील. वाळल्यावर पहिल्या रेघेला ओलांडणारी दुसरी सोडा. काखेला आणि पाठीच्या मधोमध दोन-तीन रेघा पुरे.

उसन्या कोटाला वरचं काहीही लावायचं नाही. त्याला परतीची वाट असलेले उपाय. एक बटण कापा, पाकिटात घालून नाव लिहून ठेवा, दोऱ्याचे तुकडे कापडात तसेच राहू द्या. भडक रंगाच्या कापडाचं ठिगळ सैल धावदोऱ्याने टाचा. अस्तराची एक पट्टी वेगळ्या कापडाची करून खालून लोंबती टाचा. एका खिशात वजन ठेवा, पण फक्त प्रयोगापुरतं. आणि वरून मुलतानी माती: मलमलच्या पुरचुंडीत बांधून खांद्यावर, बाह्यांवर, खिशांच्या झडपांवर थापटा, हाताने चोळून मुरवा, जास्तीची झटका. चित्रीकरणात धूळ म्हणून हीच माती वापरतात, ती कोरडी राहिली तर ब्रशने आणि व्हॅक्यूमने निघून जाते. ओली होऊ देऊ नका. थापटताना मास्क. आणि हे सगळं करण्याआधी कोटाच्या मालकाला एक फोन.

चिखल हवाच असेल तर खरा नको. तो वाळून नटाच्या डोळ्यांत जातो, त्यात काय काय असतं कोण जाणे, आणि दर प्रयोगाला वेगळा दिसतो. वॉलपेपर चिकटवायची मिथाइल सेल्युलोजची खळ, त्यात तपकिरी रंगद्रव्य आणि लाकडाचा भुसा. घट्ट बसतो, शर्ट-पँटवरून पाण्याने निघतो. लोकरीपासून मात्र लांब.

मध्ये मध्ये कपडा लांबून बघत चला. टेबलावर जे भयंकर वाटतं ते वीस पावलांवर दिसतसुद्धा नाही. नाटकासाठी ठळक हात लागतो, कॅमेऱ्यासाठी त्याच्या निम्मा. मी फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करतो. रंगाच्या मोहातून बाहेर पडून फिकं-गडद नीट बसलंय का, तेवढंच दिसतं. शक्य असेल तर नाटकाच्याच दिव्यांत बघा. पिवळ्या उजेडात तुमचे सगळे पिवळट डाग गायब होतील आणि करडे पुढे येतील.

शर्ट दोन घ्या. एक फाटला, एक धोब्याकडे अडकला, असं ऐन वेळी होतंच. दोन्हींवर एकाच दिवशी, शेजारी शेजारी ठेवून काम करा. नंतर जुळवणं जवळजवळ अशक्य असतं. किती पाणी, किती ब्लीच, किती मिनिटं, कोणता पेपर, हे वहीत लिहा आणि प्रत्येक पायरीचा पुढून-मागून फोटो ठेवा.

दहा दिवसांची वाटणी मी अशी करेन: दोन दिवस धुणं, तीन दिवस तालमीला देणं आणि रोज परत आणून आकार, एक दिवस ब्लीच, एक दिवस घासणं, एक दिवस दुरुस्ती, एक दिवस रंग. उरलेला एक दिवस बुटांना. बूट नेहमी राहून जातात. कळकट शर्ट, विरलेली पँट आणि खाली कोरे करकरीत बूट, हे मी नाव घेण्यासारख्या रंगमंचांवरही पाहिलंय. चामड्याचे असतील तर नेलपॉलिश रिमूव्हर फडक्यावर घेऊन वरची चकाकी काढा, खिडकी उघडी ठेवून. मग ओले करून बोटांच्या जागी पुढे-मागे वाकवत राहा, चवड्याला आणि टाचेला पॉलिश पेपर मारा, फटीत रॉ अंबर भरून पुसून घ्या. नाडीची एक बाजू तोडून तिथे गाठ मारा, आणि बूट रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी नटाच्या हातात द्या; त्याला त्यांत चालायची सवय व्हायला हवी.